शैलाच्या नावाची कुंडी

शैलाच्या नावाची कुंडी घरी आली त्या दिवशी मी रोपाची उंची पट्टीनं मोजली. नऊ सेंटिमीटर. बरोबर परवाना होता. त्यावर शैलाचा फोटो, आजाराचं नाव आणि रोपाचा तेरा आकडी क्रमांक. कुंडी घेऊन आलेल्या माणसानं माझी सही घेतली आणि जिन्यातच विचारलं, "पहिल्यांदाच लावायलाय का गांजा?"

मी मिरजेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. शेजारच्या पाटीलवहिनी दार किलकिलं करून ऐकत असताना हा प्रश्न मला कुणी विचारेल, असं आयुष्यात वाटलं नव्हतं. मी "होय, पहिल्यांदाच" म्हणालो आणि कुंडी आत घेतली. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. त्या काळात मला काहीच वाटत नव्हतं, आणि मी सांगतोय ती गोष्ट त्याचीच आहे.

त्याच्या दोन वर्षं आधी बंगळुरूला राहणारा आमचा मुलगा सम्मेद सकाळी पळायला गेला आणि पळता पळता पडला. सत्तावीस वर्षांचा होता. हृदय बंद पडलं, यापलीकडे डॉक्टरांना काही सांगता आलं नाही. मी तिकडे गेलो, लागतील तिथं सह्या केल्या, त्याला घेऊन आलो. पुढचं सगळं रीतसर केलं. भेटायला आलेल्यांना शेजारून आलेला चहा मिळाला की नाही, तेसुद्धा मी बघत होतो. लोक म्हणाले, मगदूम सर मोठ्या धीराचे. त्यात धीर कसला? दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो, आणि सुईचा अंमल काही उतरत नव्हता.

शैला मात्र रडली. भिंतीला डोकं टेकून रडली, जेवताना रडली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. बघायला आलेल्या बायकांनी गेरू लावायला सांगितला आणि नागिणीची दोन तोंडं एकमेकांना मिळाली तर काय होतं, ते हळू आवाजात सांगितलं. मी त्यांना नीट समजावलं, की हा लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू आहे, तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो आणि शरीर खचलं की वर येतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि गेरू लावलाच.

पुरळ महिन्यात गेलं. दुखणं राहिलं. विषाणूनं मज्जातंतूची नासधूस केली होती, त्यामुळे तो तंतू उगाचच ठणाणा करत होता. पदर लागला तरी तिला भाजल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सोसत नसे, म्हणून एप्रिल-मे आम्ही पंख्याशिवाय काढले. माझे जुने, धुऊन धुऊन विरलेले सदरे घालून, डावा हात अंगापासून लांब धरून ती बसायची. पलंगावर शेजारी कुणी कूस बदलली तरी तिला कळ यायची, म्हणून मी सम्मेदच्या खोलीत झोपायला लागलो. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची आणि दुखायचं ते दुखायचंच.

अशा लोकांसाठी ते रोप होतं. त्याच्यामागचं विज्ञान मला आवडलं होतं, म्हणजे आवडणं जेवढं शक्य होतं तेवढं. गांज्याच्या फुलात शंभरावर द्रव्यं असतात. त्यातली कुठली किती मिळाली तर कुणाचं दुखणं थांबेल, हे माणसागणिक बदलतं, कारण आपल्या शरीरातही त्याच जातीची द्रव्यं तयार होत असतात आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं. कारखान्यात प्रत्येक रुग्णासाठी वेगळं मिश्रण बनवणं परवडत नाही. पण झाडाला ते जमतं. शेजारच्या झाडाला कीड लागली, तर हवेत येणाऱ्या वासावरून हे झाड आपल्या पानातली रसायनं बदलतं. ही रोपं देणाऱ्या सरकारी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नेमका हाच गुण वळवून माणसाकडे लावला. त्यांचं रोप माणसाच्या श्वासातली आणि घामातली सूक्ष्म द्रव्यं टिपायचं, त्यावरून त्या शरीरात काय बिघडलंय ते ओळखायचं, आणि फुलोऱ्यात त्यावरचा उतारा तयार करायचं. म्हणूनच ते शेतात वाढवून चालत नसे. ज्याचं दुखणं, त्याच्याच घरात, त्याच्या सहवासात ते वाढवायचं. रुग्ण आणि त्याचे नातेवाईक, सगळेच नवशिके माळी.

मीही नवशिकाच होतो. शैलाच्या खोलीत कपाटाएवढी एक उघडी चौकट, वर दिवे, खाली कुंडी, बाजूला हातभर पंखा. त्या पंख्याचा वारा तिला लागू नये म्हणून मी खोक्याच्या पुठ्ठ्याची भिंत केली. पहिल्या महिन्यात मी रोप जवळजवळ बुडवलं. पानं मलूल दिसली की पाणी घालायचो, ती आणखी मलूल व्हायची, मी आणखी घालायचो.

"तुम्ही त्याला पाहुण्यागत वाढायलाय," शैला पलंगावरून म्हणाली. "नको म्हटलं तरी आणखी एक पोळी."

मग मी दोन्ही हातांनी कुंडी उचलून वजनावरून पाणी ओळखायला शिकलो. दिवे फार खाली आणल्यानं शेंड्याची पानं करपली, ते सुधारलं. वहीत रोजची उंची, रोजचं तापमान. सकाळी उठून काहीतरी करायचं आहे, हे दोन वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

नवव्या आठवड्यात फुलोऱ्यासाठी झाडाला बारा तास उजेड आणि बारा तास गडद अंधार द्यायचा होता. केंद्राच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर लिहिलं होतं, 'अंधाराचे बारा तास कुंडी रुग्णाच्या उशाशी असावी.' मी ते वाक्य दोनदा वाचलं. झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून रात्री झाडाखाली झोपू नये आणि झोपायच्या खोलीत कुंडी ठेवू नये, हे मी एकतीस वर्षं आठवीच्या वर्गाला शिकवलं. आणि इथं एका आजारी बाईच्या उशाशी रात्रभर झाड ठेवायला सांगत होते. सरकारी पुस्तिका घाईत छापतात, हे मला ठाऊक होतं. मी लाल पेन काढलं, वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, 'चूक.' सवयीनं खाली सही आणि तारीखही टाकली.

त्यानंतर रोज संध्याकाळी सहाला दिवे बंद झाले की कुंडीवर काळं कापड टाकून मी ती सम्मेदच्या खोलीत न्यायचो आणि सकाळी सहाला परत आणायचो. शैलाच्या खोलीतली हवा शुद्ध राहिली. झाड रात्रभर माझ्या उशाशी.

फुलं धरली. पांढरे केसर तांबूस झाले. वास जिन्यापर्यंत गेला, तेव्हा पाटीलवहिनींनी विचारलं, "कसला हो वास?" मी म्हणालो, "औषधाचा." त्या म्हणाल्या, "आमच्या चुलत सासऱ्यांच्या अंगाला यायचा बघा असला," आणि आत गेल्या. मी फुलं कापली, दोरीवर वाळवली, केंद्रानं दिलेल्या मिक्सरएवढ्या यंत्रात घातली आणि एक लहान बाटली भरून तेल काढलं. नमुना पाकिटात घालून केंद्राकडे पाठवला.

शैला सूर्यास्तानंतर काही तोंडात घालत नाही, म्हणून आम्ही औषधाची वेळ साडेपाच ठरवली. जिभेखाली दोन थेंब. त्याआधी फोनवर केंद्राच्या तक्त्यात त्या दिवसाचा दुखण्याचा आकडा भरायचा, शून्य ते दहा.

"किती?" मी विचारायचो.

"आठ."

चौथ्या दिवशी ती "सात" म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात पाच. महिनाअखेर तीन. मी आलेखाच्या कागदावर बिंदू काढून रेघ जोडली आणि तो कागद तिच्या कपाटाच्या दारावर चिकटवला. रेघ सुबक उतरत गेली होती. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही, पण रेघ सुबक होती, एवढं मला दिसत होतं. मी लगेच दुसरं रोप लावायला घेतलं. शैला एकदा जिना उतरून पाटीलवहिनींच्या नातवाच्या बारशाला साडी नेसून गेली. परत आली ती दोन दिवस अंथरुणात होती. दगदग झाली, असं मला वाटलं.

नमुन्याचा अहवाल येईना. मी फोन केला, तेव्हा कळलं की ज्यांना गुण येत नाही त्यांचे नमुने आधी तपासतात, आणि तुमच्याकडे तर झकास उतार दिसतोय. तेही बरोबरच होतं.

जवळजवळ चार महिन्यांनी, एका सकाळी अकराच्या सुमारास, केंद्राच्या तपासनीस दारात उभ्या राहिल्या. पस्तिशीची बाई, खांद्याला पेटीवजा पिशवी.

"मला ओळखलं नाही सर तुम्ही. अंजुम मुजावर. तिसऱ्या बाकावर बसायची, आठवी ब."

मी ओळखलं नव्हतं, पण ओळखल्यासारखं केलं. तिनं शैलाची चौकशी केली, कुंडी बघितली, पान चुरडून वास घेतला. मग पिशवीतून अहवाल काढला.

"सर, पहिल्या तेलाचा मेळ अकरा टक्के आलाय."

"कशाशी?"

"काकूंशी. हे औषध काकूंसाठी झालेलंच नाही. घरात आणखी कोण असतं?"

"मी."

तिनं दोन नळ्या काढल्या. आम्ही दोघांनी फुंकर मारली. यंत्राला दहा मिनिटं लागली, तेवढ्यात शैलानं उठून पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. अंजुमनं पडद्यावरचे आकडे बघितले, पुन्हा बघितले आणि विचारलं, "अंधार असताना कुंडी कुठं असते?"

मी सांगितलं. का, तेही सांगितलं, आणि पुस्तिका आणून अकरावं पान दाखवलं. केंद्राची चूक निदान त्यांच्याच माणसाच्या नजरेस यावी, असा माझा हेतू होता. अंजुमनं ती लाल अक्षरं वाचली.

"हे मी परीक्षेत लिहिलं होतं सर," ती म्हणाली. "पैकीच्या पैकी दिलं होतंत तुम्ही."

"मग?"

"सोडतं झाड रात्री. पण एवढुसं झाड रात्रभरात जेवढा वायू सोडतं, तेवढा माणूस काही मिनिटांत सोडतो. तसं बघितलं तर कुणाच्याच खोलीत दुसऱ्या माणसानं झोपायला नको."

ती हसली नाही, मीही हसलो नाही. पुढचं तिनं सावकाश सांगितलं, मी वर्गात सांगायचो तसं. दिवसा झाड उजेडाच्या कामात गुंतलेलं असतं, माणसाचा मागमूस त्याला फारसा लागत नाही. अंधार झाला की ते टिपायला लागतं. म्हणून ते बारा तास महत्त्वाचे. दोन महिने ते बारा तास झाडानं माझ्या श्वासाचा अभ्यास केला होता.

"पण मला कुठं काय झालंय?" मी म्हणालो.

"सर, शरीरात स्वतःचा एक गांजा असतो. मोठा मार बसला की शरीर ते द्रव्य सोडतं आणि त्या वेळेपुरतं दुखणं कळत नाही. जखमी जनावर पळू शकतं ते त्यामुळं. तास दोन तास, फार तर दिवसभर. तुमच्यात ते अजून चालू आहे. किती दिवस झाले ते मला नाही सांगता येणार, पण खूप झाले असणार."

शैलाच्या हातातली सुरी थांबली.

"मग झाडानं काय बनवलं?" तिनं विचारलं.

"बधिरपणावरचा उतारा. शरीराच्या त्या द्रव्याला अडवणारं औषध. सरांना ते मिळालं तर त्यांना पुन्हा जाणवायला लागेल."

"आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर?"

अंजुमनं उत्तर द्यायच्या आधी शैलाकडे बघितलं. "ज्याचं आधीच दुखतंय त्यानं घेतलं तर शरीर जो थोडाफार आराम देत असतं, तोही बंद होतो काकू. दुखणं वाढतं. तुम्ही तर तीन आकडा दिलाय."

"आकडे यांनी भरले. मी नुसतं सांगत होते."

"खरा आकडा किती होता?"

"दहाच्या पुढं आकडाच नाही त्यात," शैला म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

अंजुम पोहे न खाताच गेली. जाताना तिनं शैलाच्या नावाचं नवं रोप मंजूर केलं, जुनं झाड नेलं आणि तेलाची उरलेली बाटली माझ्या नावावर नोंदवली. "दोन थेंबच घ्या सर. बधिरपणा उतरेल, मग जे यायचं ते येईल. घरात एकटे असताना घेऊ नका."

दार लावून मी परत आलो. शैला खुर्चीत बसली होती, डावा हात लांब धरून. मी समोर बसलो.

"औषधानं वाढतंय, हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"सम्मेद गेल्यापासून तुम्ही कशाकडंच नीट बघितलं नव्हतंत. माझ्याकडंसुद्धा नाही. औषधपाणी केलंत, सगळं केलंत, पण बघितलं नाहीत. त्या कुंडीकडं बघायचात. पान पिवळं पडलं की तुमचं तोंड उतरायचं. मला वाटलं, हे चालू राहू दे."

"एवढं दुखत असताना?"

"दुखत तर होतंच की. त्यात थोडं जास्त."

मी हिशेब केला. एकशे सोळा दिवस, रोज दोन थेंब, मी माझ्या हातानं तिच्या जिभेखाली घातले होते. एकशे सोळा दिवस माझ्या बायकोनं तोंड उघडलं, जीभ वर केली आणि नंतर आकडा सांगितला. हे ऐकल्यावर माणसाचं काय व्हायला हवं, हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं माहीत असतं तसं. मी आत खोलवर कुठं काही हलतंय का, ते शोधलं. काही नव्हतं. मग मी उठून कुकर लावला.

जेवताना मी म्हणालो, "ती बाटली मी आजच घेऊन बघतो."

"आज नको," शैला म्हणाली. "आधी मला उभी राहू दे. दोघं एकदम आडवे पडलो तर भात कोण लावणार?"

मी बाटली फ्रिजच्या दारात ठेवली.

नवं रोप आलं आणि मी शैलाच्या खोलीतून हद्दपार झालो. अंजुमचं म्हणणं होतं की चुकीच्या माणसाचा श्वास जेवढा कमी, तेवढा मेळ चांगला. दिवे बंद असताना तर त्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. चार महिने मी ताट उंबऱ्याशी ठेवत होतो आणि बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसत होतो. ज्या बाईला सदऱ्याचं कापड सोसत नव्हतं, ती आता माळी झाली होती.

"माती वर सुकलेली दिसते, पण आत ओल असणार," मी बाहेरून सांगायचो. "आज पाणी देऊ नको."

"तुम्हाला काय माहीत कशी दिसते? तुम्ही तिकडं पेपर वाचा."

तिला कुंडी उचलता येत नव्हती. ती मातीत दोन पेरं बोट घालून बघायची. शेंडा तिनं चुकून मोडला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तीन आठवड्यांनी त्या जागी दोन फांद्या फुटल्या, तेव्हा दार वाजवून तिनं मला ते सांगितलं. आकडे ती आता खरे सांगत होती. आठ, आठ, नऊ, आठ. मी ते भरत होतो. आलेखाला उतार नव्हता.

दुपारी ती झाडाशी बोलायची. मला ऐकू येत नाही असं तिला वाटत असावं. सम्मेद तिसरीत असताना कृष्णेच्या पुराचं पाणी बघायला न सांगता गेला, तो मार खाऊन आल्यावर हसत कसा होता. त्याला बंगळुरूत भात आवडेनासा झाला होता. मी दाराबाहेर बसून ऐकत होतो. बातम्या ऐकतो तसं.

फुलोऱ्याच्या दिवसांत, एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास, आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि शैला ओरडली. मी दाराच्या मुठीला हात लावला.

"येऊ नका," ती आतून म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "काळ्या कापडात पाय अडकला. बरगडीवर पडले."

"शैला, उठता येतंय?"

"नाही येत. पण येऊ नका. अंधाराचे सात आठवडे झालेत."

मी मूठ धरून उभा राहिलो. आत ती जमिनीवर होती, कण्हत होती, मधूनच दात आवळून गप्प होत होती. अर्धा तास गेला. मग पलंगाची करकर ऐकू आली. दुसरा कुणी असता तर दार ढकलून आत गेला असता आणि दोन महिन्यांची मेहनत पाण्यात घातली असती. मी गेलो नाही. माझा बधिरपणा तेवढा एकदाच तिच्या उपयोगाला आला, असं मी तेव्हा म्हटलं असतं. आता तसं म्हणवत नाही.

फुलं पिकली. तिनंच कापली, तिनंच वाळवली. या वेळी अंजुमनं नमुना स्वतः नेला आणि चौथ्या दिवशी फोन केला. "ब्याण्णव टक्के, सर. काकूंना सांगा."

मी दार उघडलं. चार महिन्यांनी मी तिला उंबऱ्याच्या आतून बघत होतो. ती वाळली होती. नखात माती होती. साडेपाचला तिनं स्वतःच्या हातानं दोन थेंब घेतले.

पहिल्या दिवशी आठच. दुसऱ्या दिवशी सहा. तिनं खोटं सांगू नये म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ती ते ओळखून म्हणाली, "खरंच सहा." सहाव्या दिवशी दुपारी ती बाहेरच्या खोलीत येऊन सोफ्यावर बसली. मी उसाच्या भावाबद्दल पेपरातलं काहीतरी वाचून दाखवत होतो. तिनं वर बघितलं.

"पंखा लावा बघू."

मी लावला. वारा तिच्या अंगावर आला. तिनं डोळे मिटले, कळ यायची वाट बघितली, आणि कळ आली नाही. हळूहळू तिचा डावा हात खाली येऊन कुशीला टेकला. तीन वर्षांत तो हात तिथं टेकलेला मी पाहिला नव्हता. पाच मिनिटांत ती झोपली, उशी नाही, काही नाही, तोंड किंचित उघडं.

मी पेपर घडी करून ठेवला. हे बघून मला सुख वाटायला हवं होतं. चार वाजले, पाच वाजले, तिच्या जेवणाची वेळ टळत चालली, तरी मी उठवलं नाही. आणि तिथं बसल्या बसल्या मला कळलं की माझ्या बायकोचं दुखणं थांबलंय, आणि मी ते नुसतं बघतोय. उठून ती माझ्याकडे आली, तर तिथं कुणीच नसेल. मी फ्रिजपाशी गेलो. घरात मी एकटा नव्हतो, ती होती. दोन थेंब जिभेखाली घेतले. चव कडवट, थोडी सुंठीसारखी.

पंधरा-वीस मिनिटं काही झालं नाही. मग पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला. भूक लागल्याचं कळलं. नंतर मला बंगळुरूच्या दवाखान्यातली ती बाई दिसली, जिनं माझ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली होती. पिशवीत सम्मेदचे पळायचे बूट होते. एका बुटाची नाडी कुणीतरी कापली होती, दुसऱ्याची गाठ तशीच होती. दुहेरी गाठ, वरून दोन फेरे घेतलेली. ती गाठ मी त्याला शिकवली होती, पहिलीत जाताना, या सोफ्यावर बसवून. गाडीत तेवढा सगळा रस्ता ती पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर हात ठेवून बसलो होतो आणि बाहेरच्या पाट्या वाचत होतो. चित्रदुर्ग. दावणगेरे. हुबळी. एक पाटी सोडली नाही. मागे माझा मुलगा होता.

मला रडू फुटलं. शैलाची झोप मोडू नये एवढंच मला सुचलं. मी न्हाणीघरात गेलो, कडी घातली, नळ पूर्ण सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबला. मी खाली ओल्या फरशीवर बसलो. सम्मेदसाठी रडत होतो, आणि त्या एकशे सोळा दिवसांसाठी, आणि बंद दाराच्या मुठीवर तो अर्धा तास ठेवलेल्या माझ्या हातासाठी. सगळं एकदम आलं. दुखत होतं. छातीत, घशात, दातांत, खरोखरचं दुखत होतं.

दारावर टकटक झाली.

"नळ बंद करा," शैला बाहेरून म्हणाली. "माझी झोप झाली. इथं बाहेर येऊन मोठ्यानं रडा."

मी नळ बंद केला आणि कडी काढली.